वरचं भिंग फिरवून बघ

पापण्या. लांब, काळ्या, वाकलेल्या. पाण्यात बुडालेल्या गवतासारख्या.

टसर रेशमाचा पतंग कोषातून बाहेर आल्यावर काहीच खात नाही. त्याचं तोंड असून नसल्यासारखं. जगतो तेवढे दिवस तो अळी असताना खाल्लेल्या पानांवर जगतो.

गाव आणि रान यांच्या मधोमध मोहाचं एक झाड. बुंध्याशी सपाट दगड. दगडावर फडक्यात बांधलेली शिदोरी, आणि आसपास कोणी नाही.

पतंगाच्या पंखांत चार गोल खिडक्या असतात, काचेसारख्या. लहानपणी मेलेल्या पतंगाचा पंख डोळ्याला लावून मी मायकडे बघायची. माय जवळ बसलेली असली तरी लांब दिसायची.

हिरव्या अळीच्या अंगावर मिऱ्याची पूड.

आरशात आभाळ, बशीएवढं.

"काय दिसतं?" नाकाडेबाईंनी विचारलं.

"गवत," मी म्हटलं.

"कसलं?"

"काळं. वाऱ्यानं हलते तसं हलून रायलं."

नाकाडेबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या कपाळावर दोन बोटं टेकवून डोकं जरासं मागे ढकललं. गवत गेलं. गोल उजेड उरला, स्वच्छ आणि रिकामा.

"त्या तुझ्या पापण्या होत्या," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी सगळे स्वतःलाच बघतात."

पोळा होऊन गेला होता. आभाळात ढग सुटे सुटे झाले होते, ऊन यायचं आणि जायचं. मी बारावी पास झालेली, आमच्या येनटोल्याहून सायकलने टसरच्या बीज केंद्रात शिकायला आलेली. केंद्राला पतंग तपासणारं माणूस हवं होतं. नाकाडेबाई आयुष्यभर तेच काम करत आलेल्या, भंडाऱ्याकडच्या, पांढरे केस, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. भिंगाला डोळा लावताना तो चष्मा त्या पाठीवर टाकायच्या.

काम काय, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मादी पतंग अंडी घालते. अंडी घालून झाली की ती तशीही मरणारच असते. तेव्हा तिच्या पोटाचं टोक कापून छोट्या खलात पोटॅशच्या पाण्याबरोबर वाटायचं, त्यातला एक थेंब काचेवर घ्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. त्यात पेब्रीन नावाचा रोग दिसला तर तिची अंडी जाळायची. नाही दिसला तर ती अंडी गावोगावच्या टसर पिकवणाऱ्या ढिवरांकडे जातात. ते ती रानात नेतात, अळ्या ऐनाच्या झाडांवर वाढतात, कोष करतात.

"म्हणजे ठेवायचं की जाळायचं, हे आपण ठरवायचं," बाई म्हणाल्या. "म्हणून आधी बघायला शिक. बघता येतं असं सगळ्यांना वाटतं."

केंद्रात विजेवर चालणारा नवा मायक्रोस्कोप होता, पण बाईंनी मला जुन्यावर बसवलं. तो लाकडी पेटीत राहायचा. त्याच्या बुडाशी गोल आरसा होता, एका बाजूने सपाट, एका बाजूने खोलगट. त्या आरशात आभाळ पकडायचं आणि नळीतून वर पाठवायचं.

"वीज जाते," बाई म्हणाल्या. "आभाळ कुठं जात नाही. फक्त सूर्य आरशात घेऊ नको, डोळा जाईल. कडेचं पांढरं आभाळ घे."

मी खिडकीशी बसून कडेचं पांढरं आभाळ धरत राहिले. ढग आला की वर्तुळ दुधाळ व्हायचं, ढग सरकला की लख्ख. कधी आरशातून एखादा बगळा जायचा आणि माझ्या डोळ्यावरून सावली सरकायची. मोकळा डोळा मिटायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. दोन्ही डोळे उघडे. एकाने आतलं बघायचं, दुसऱ्याने काहीच बघायचं नाही, नुसतं उघडं राहायचं. मला ते जमेपर्यंत डोकं दुखलं. मग एका दुपारी अचानक जमलं, आणि उजव्या डोळ्यात पतंगाच्या पंखावरचे खवले कौलांसारखे एकावर एक दिसत होते, तर डाव्यात बाईंचा निळा पदर होता, आणि दोन्ही एकाच जागी होते. निळ्या पदरावर कौलं.

स्लाइड डावीकडे सरकवली की आतलं उजवीकडे जायचं. वर ढकलली की खाली. संध्याकाळी सायकलने घरी जाताना मला वाटायचं की मी पुढे जात नाही, रस्ताच मागून येतोय.

"बाजूनं बघत खाली आण, आत बघत वर ने." हे त्या रोज म्हणायच्या. भिंग स्लाइडजवळ आणताना नळीत बघायचं नाही, बाजूने नुसत्या डोळ्याने बघायचं. मग आत डोळा लावून हळूहळू भिंग वर उचलत जायचं, दिसेपर्यंत. उलटं केलं तर भिंग काचेवर आपटतं. मी एकदा उलटं केलं. काच कडकन तडकली. बाईंनी नुसता हात पुढे केला आणि तुकडे उचलले. मग त्या दारातल्या चौकीदाराला म्हणाल्या की गणपत, आज तुझ्या खर्ऱ्याची पुडी आण, पोरीला सुपारी कशी फुटते ते दाखवू. गणपत तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा सावरत हसला. त्यानंतर माझ्याकडून काच फुटली नाही.

माझ्या मायनं मला केंद्रात पाठवताना एक अट घातली होती. महिन्यातल्या त्या दिवसांत तिकडे पाऊल टाकायचं नाही.

मी बाईंना पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, मान खाली घालून. बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग त्या भिंग पुसत म्हणाल्या की या काचेला असलं काही कळत नाही, तू वेळेवर ये.

मी वेळेवर जायची. मायला सांगायची नाही.

अट का होती ते सांगायला हवं.

टसरच्या अळ्या रानात असल्या की आमच्याकडे फार सोवळं. माणूस झाडाखाली खोपी करून राहतो, पाखरं हाकलतो. डोक्याला तेल लावत नाही, मांसमच्छी खात नाही. ढिवर असून मासळी सोडतो. बाईमाणसानं रानात जायचं नाही, विटाळशीनं तर तिकडे बघायचंही नाही. घरून शिदोरी येते ती मोहाच्या झाडापर्यंत. तिथल्या दगडावर ठेवायची आणि मागे फिरायचं. माणूस नंतर येऊन घेऊन जातो.

मी लहान होते तेव्हा एका साली आमच्या अळ्यांवर ठिपके आले. मिऱ्याची पूड शिंपडल्यासारखे. काही अळ्या बोटाएवढ्या, काही करंगळीच्या नखाएवढ्या, एकाच वयाच्या असून. त्या पानं खाईनात. कोष झालेच नाहीत. झाडं हिरवी राहिली, आणि ते वाईट दिसत होतं, कारण अळ्या धडधाकट असतात तेव्हा झाडाला पान राहत नाही.

डोमाकाका गावातले जुने टसरवाले. ते आमच्या अंगणात येऊन बसले. आणखी चार माणसं होती. डोमाकाकांनी विचारलं की कोणाच्या घरचं कोण रानात गेलं होतं, आत्ताच सांगा. बाबा खाली बघत होते. त्यांच्या हातात काडी होती, ती ते जमिनीवर फिरवत होते.

"मी गेल्ती," माय म्हणाली.

डोमाकाकांनी पुढचं विचारलं ते हळू आवाजात. मायनं मानेनंच हो म्हटलं.

त्या दिवशी दुसरं काही झालं नाही. कोणी तिला मारलं नाही, टाकलं नाही. बाबा तिच्याशी पूर्वीसारखेच बोलायचे, म्हणजे कमीच. पण त्यानंतर माय कधी मोहाच्या पलीकडे गेली नाही. अळ्या रानात नसल्या तरी नाही. सरपणाला बायका त्या वाटेने जायच्या, ती तळ्याच्या अंगाने लांबून जायची. कोष घरी आले की ती ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसायची. आणि द्रोण. अंडी फुटायला आली की ती पानांच्या द्रोणांत घालून झाडांना अडकवतात. पूर्वी घरी बसून ते द्रोण मायच लावायची, गावात तिच्याइतके आटोपशीर द्रोण कोणाचे नव्हते. नंतर तिनं पानाला काडी लावली नाही. बाबा स्वतः लावायचे. गळके.

मला कोणी काही समजावून सांगितलं नाही. मी फक्त बघत मोठी झाले.

आता बाईंची खोली. भिंतीला टेकून मातीची बोळकी, प्रत्येकात एक मादी, वर कापडाचा तुकडा. खडूने प्रत्येक बोळक्यावर नाव, ज्यानं कोष आणले त्याचं. दुपारी खोली शांत झाली की कापडांखालून पंखांची खसखस ऐकू यायची, खूप लोक हळू आवाजात एकच गोष्ट सांगत असल्यासारखी. मी त्या आवाजात बसून शिकले. गोल दिसतं ती चरबी. जाड काळ्या काठाचं ते हवेचे बुडबुडे. आणि लांबट, साळीच्या कणीसारखं, चमकणारं, जागच्या जागी थरथरणारं, तो पेब्रीन.

चौथ्या-पाचव्या दिवशी मला सगळीकडे पेब्रीन दिसायला लागला.

पहिल्या स्लाइडमध्ये. दुसऱ्या. तिसऱ्या. लांबट ठिपके, एका कडेला, झुबक्यानं. मी एकामागून एक बोळकी बाजूला ठेवत गेले, जाळायची म्हणून. मला भीती वाटत होती आणि खरं सांगायचं तर आनंदही. मला दिसत होतं.

बाई आल्या. त्यांनी बाजूला ठेवलेली बोळकी पाहिली, मग मला. नळीला डोळा लावला. आणि हाताने काही न हलवता फक्त वरचं भिंग, डोळ्याजवळचं, चिमटीत धरून फिरवलं.

"बघ."

मी बघितलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. ठिपके गोल गोल फिरले. पतंगाचं सगळं जागच्या जागी होतं आणि ठिपके मात्र त्याच्यावरून जत्रेतल्या पाळण्यासारखे जात होते.

"पतंग निरोगी आहेत," बाई म्हणाल्या. "घाण या भिंगावर बसली आहे. तुझ्या बोटांची असेल. तू तेच तेच डाग प्रत्येकीत बघत होतीस."

बाजूला ठेवलेल्या बोळक्यांतली अंडी मला दिसत होती, चपटी, तपकिरी, कापडाला चिकटलेली. निरोगी.

"डाग दिसला की आधी हे करायचं," बाई म्हणाल्या. त्यांनी पदरानं नाही, मऊ कागदानं भिंग पुसलं. "वरचं भिंग फिरवून बघ. डाग फिरला तर तो भिंगात. नाही फिरला तर स्लाइड सरकव. सरकला तर तो पतंगात. दोन्हीनं हलला नाही तर खालच्या भिंगात. तेही पुसलं आणि तरी आहेच, तर मग डोळा फिरव. डोळ्यातही असतात. माझ्या आहेत."

"कसे?"

"धाग्यासारखे. तरंगतात. आता सवय झाली." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "पतंगाचं नाव सर्वांत शेवटी घ्यायचं."

बाबांच्या कोषांतल्या माद्या आल्या तेव्हा मला डाग पुसता येत होते.

खडूनं लिहिलेलं 'लहानू मारबते' मी वाचलं आणि तरी हात नेहमीसारखा चालवला. टोक कापलं. वाटलं. थेंब घेतला. पातळ काच एका कडेने टेकवत अलगद सोडली, बुडबुडा येऊ नये म्हणून. बाजूनं बघत खाली आणलं. आत बघत वर नेलं. उजेड आधी नुसता उजेड होता. मग त्यात काहीतरी गोळा झालं, विरलं, परत गोळा झालं. आणि ते दिसले.

सुंदर होते. हे मला लिहायला नको वाटतं, पण होते. तळ्यात चांदणं पडावं आणि प्रत्येक चांदणी थंडीनं कुडकुडावी, तसे.

मी वरचं भिंग फिरवलं. ते जागेवर राहिले. मी स्लाइड सरकवली. ते सरकले.

पुढच्या मादीत नव्हते. त्याच्या पुढच्या मादीत होते. संध्याकाळपर्यंत बाबांच्या निम्म्या बोळक्यांना बाईंनी स्वतः बघून खडूची फुली मारली.

मी बाईंना तेव्हा विचारलं. हा येतो कुठून?

"मादीच्या पोटातून अंड्यात. अळी अंड्यातून निघते तीच तो घेऊन. मग तिच्या विष्ठेतून पानांवर, पानांवरून दुसऱ्या अळ्यांत."

"रानात कोनी गेलं तं?"

"कोण?"

"कोनी बाई. विटाळशी."

मी कोणाबद्दल विचारते आहे, ते बाईंनी पुढे खोदलं नाही.

"कोणाच्या सावलीतून लागणारं काही मी या नळीत अजून बघितलं नाही," त्या म्हणाल्या.

घरी बाबांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. माय चुलीपाशी होती. तिनं वळून पाहिलं नाही. आत अंधार दाटत होता आणि चुलीचा उजेड तिच्या एका गालावर होता.

"उद्यापासून तू जाऊ नोको," माय म्हणाली.

"काहून?"

"तुह्या डब्याले माहा हात लागते. तो डबा तू तिथं नेते."

मी म्हटलं की इतक्या वर्षांत तू मोहाच्या पलीकडे गेली नाहीस, मग यंदा कशामुळे आलं? ती म्हणाली की तेच सांगते आहे, तुझ्यामार्फत गेलं. माझ्याच पोटची ना तू. हे ती रागानं म्हणाली नाही. पीठ संपलं असं सांगावं तशी म्हणाली. तिला त्यात शंकाच नव्हती. बाबा भिंतीकडे बघत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून. ते उठले आणि हात धुवायला बाहेर गेले.

सकाळी मी माय उठायच्या आत सायकल काढली.

नाकाडेबाईंनी सगळं ऐकलं. ज्याचे कोष, त्याच्यासमोर रोगी अंडी जाळायची, अशी त्यांची पद्धत होतीच. नाहीतर लोक म्हणतात, आमची अंडी दुसऱ्याला दिली. त्यांना येनटोल्याला यायचंच होतं. त्यांनी रोगी अंडी एका पिशवीत घेतली, निरोगी दुसरीत. मग एक मेलेली मादी डबीत ठेवली, ज्या मादीत पेब्रीनचे कण सर्वांत जास्त होते ती. आणि जुन्या मायक्रोस्कोपची लाकडी पेटी माझ्या सायकलला बांधली.

"तुझी आई कुठपर्यंत येते?" त्यांनी विचारलं.

"मोहापर्यंत."

"मग तिथंच मांडू."

मोहाच्या सावलीची कड जिथं संपत होती तिथं आम्ही स्टूल ठेवलं, माणसं सावलीत आणि आरसा उजेडात. डोमाकाका आले, बाबा आले, आणखी दोघं-तिघं. बाबा दिवसा रान झाडत होते, त्यांची शिदोरी ठेवायला माय आली ती आम्हाला बघून वाटेवरच थांबली.

बाईंनी डबीतली मादी काढली, खलात वाटली, स्लाइड केली, रोग आईकडून अंड्यात कसा येतो ते सगळ्यांना सांगत. मी आरसा फिरवला. आधी डोमाकाका बसले. त्यांनी एक डोळा घट्ट मिटला आणि दुसरा नळीत घुसवला.

"मले तं केस दिसून रायले," ते म्हणाले.

"तुमच्या पापण्या आहेत त्या," बाई म्हणाल्या. "जरा मागं व्हा."

"एवढ्या दाट हायेत का माह्या पापण्या?" सगळे हसले. डोमाकाकाही. मग ते मागे झाले. बराच वेळ बघून उठले. बाबा बसले. त्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवले, कोणी न सांगता. रानात पाखरावर नजर ठेवणारा माणूस. ते लगेच उठले.

मी वाटेवर गेले. माय म्हणाली की मी बघितलं तर रोग वाढेल.

"ती मेली हाये, माय. मेलेलीले काय व्हते?"

मायनं शिदोरी खाली ठेवली. लुगड्याला हात पुसले, पुन्हा पुसले. ती स्टुलावर बसली तेव्हा तिची पाठ ताठ होती, देवळात बसावं तशी. मी तिच्या कपाळावर दोन बोटं ठेवली आणि डोकं जरासं मागे ढकललं.

ऊन गेलं. वर्तुळ राखाडी झालं असणार. मी आरसा फिरवत राहिले, ढगाच्या कडेचं पांढरं शोधत. रानातून एक लांबलचक शीळ आली आणि थांबली. मग उजेड आला, तो तिच्या डोळ्यावर पडलेला मला दिसला. बुबुळाच्या आत एक छोटी गोल खिडकी उजळली.

"चांदन्या," माय म्हणाली.

मग ती नळीवर आणखी वाकली.

"कणी हाये. साळीची कणी. हालून रायली." तिचा आवाज नळीत बोलल्यासारखा येत होता. "कुंदा, हे माह्यात हाये का तिच्यात?"

मी तिचा हात धरला आणि वरच्या भिंगावर नेला. "फिरव."

तिनं फिरवलं. भिंग गोल फिरलं.

"फिरलं का आत काई?"

"नाई."

मी तिचा हात स्लाइडवर ठेवला. "आता ढकल. हळू."

तिनं एका बोटानं काच ढकलली.

"गेलं," ती म्हणाली. "उलट्या अंगानं गेलं."

"म्हंजे तिच्यात."

"माह्यात नाई?"

"नाई."

मायनं पुन्हा भिंग फिरवलं. पुन्हा काच ढकलली. मग परत भिंग. आम्ही सगळे उभे होतो आणि ती एकटी ते करत राहिली, द्रोणाला काड्या लावताना करायची तसं, हात आपोआप चालल्यासारखे.

डोमाकाकांनी घसा खाकरला. "पन बाई म्हन्ते आईपासूनच येते. म्हंजे आईचंच झालं ना."

माझ्या तोंडात उत्तर आलं होतं. बाईंनी माझं मनगट धरलं. मायनं डोळा नळीवरून काढला नाही.

"तिले तिच्या मायनं देल्लं असंन, डोमाभाऊ," ती म्हणाली. "तिले काय मालूम. तिनं तं अंडी घालून जीव टाकला."

बाईंनी पिशवीतली रोगी अंडी वाळक्या पानांवर ओतली आणि बाबांनी काडी ओढली. धूर सरळ वर गेला, मग मोहाच्या फांद्यांत अडकून पसरला. जळताना अंडी बारीक फुटत होती. सगळे ते बघत होते. माय अजूनही नळीतच होती.

बाबांनी निरोगी अंड्यांची पिशवी हातात घेतली. रानाच्या वाटेला लागले. मोहाच्या पलीकडे चार पावलं जाऊन थांबले. वळले नाहीत. त्यांचा सदरा पाठीवर घामानं चिकटला होता.

"द्रोन कोन लावन मंग?" ते म्हणाले. रानाकडे तोंड करून, झाडांना विचारल्यासारखं.

मायनं नळीवरून डोळा काढला आणि ती उठली.

"तुमचे गळतेत," माय म्हणाली.

मी मायक्रोस्कोप आवरायला वाकले होते. भिंगं पुसली, नळी वर घेतली. आरसा फिरवून बंद करताना त्याची खोलगट बाजू वर आली, आणि त्यात मला सगळं दिसलं, एवढंसं, उलटं. मोहाचं झाड खाली शेंडा करून लोंबत होतं. धूर खाली पडत होता. आणि त्या उलट्या झाडाच्या अंगावरून हिरव्या लुगड्यातली एक बाई आभाळात पाय ठेवत पलीकडे चालली होती, पानं तोडायला.

मी मान वर केली नाही. आरसा धरून राहिले.

आज मी बाईंच्या खुर्चीत बसते. नव्या मुली गवत दिसतं म्हणाल्या की त्यांच्या कपाळावर दोन बोटं ठेवते. मायच्या द्रोणांना केंद्रातही मागणी असायची. तिच्या हातची काडी कधी सुटली नाही.

अळ्यांवर ठिपके आले त्या साली बाबा खोपीत तापानं पडले होते, आणि दगडावरची शिदोरी तशीच राहिली होती, म्हणून माय त्यांच्यासाठी पेज घेऊन रानात गेली होती.